आबाजींच्या नावावरची तांबडी रेघ

बाई, सापडले.

तुम्हाला मातीआड करून आज सतरा दिवस झाले. शाळेतले शोकप्रस्ताव मीच लिहितो, तेव्हा अशा वेळी काय लिहायचे असते ते मला ठाऊक आहे. पण काल संध्याकाळी अकोल्याच्या गाडीतून बडनेऱ्याला उतरलो, अमरावतीची गाडी सुटायला अवकाश होता, आणि फलाटावर मला एका जागी बसवेना. टोकापर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एका हमालाने विचारले, "गुरुजी, काही हारपलं काय?" मी म्हणालो, "नाही, सापडलं." म्हणालो आणि मग लक्षात आले, की ही बातमी ज्या माणसाला पहिल्यांदा सांगायची, त्याला सोडून मी हमालाला सांगून बसलो.

म्हणून हे लिहितो आहे. सावकाश लिहीन. तुम्ही म्हणायचात, "मास्तर, तुमी एक ओळ लिवता तवर माझं एक बाळंतपन उरकते." आता तुम्हालाही कुठल्या बाळंतपणाला जायची घाई नाही. ऐका.

आपली पहिली भेट सत्तावन्नच्या उन्हाळ्यातली. शाळेला सुटी लागली होती आणि मी ग्रंथालयात फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसलो होतो. पांढरे पातळ, काळी छत्री, पायात पुरुषी वहाणा, अशा तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात. नमस्कारही न करता विचारलेत, "तुमाले मोडी वाचता येते म्हने?"

येते, म्हणालो.

"कोनाकडून शिकले?"

"कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाकडून."

"तुमी कोन?"

हा प्रश्न कशाबद्दल आहे ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मी सांगितले, आम्ही बौद्ध, गेल्या दसऱ्यापासून. तेव्हा कुठे तुम्ही खुर्ची ओढून बसलात. "म्हंजे नवे," तुम्ही म्हणालात. "आमी जुने नवे. ऐंशी वर्सं झाली आमाले, तरी लोक अजून बाटगे म्हनतात. तुमाले लय दिवस आयकावं लागन. आतापासून सवय करून घ्या."

मी हसलो. त्या वर्षी गावाकडून ज्या बातम्या येत होत्या त्या हसण्यासारख्या नव्हत्या, पण तुमच्यापुढे मी मोठ्याने हसलो. मग तुम्ही पिशवीतून एक कागद काढलात. चर्चच्या जुन्या वहीतली एक ओळ तुम्ही पातळ कागदावर गिरवून आणली होती. मोडीचे एक अक्षर येत नसताना वळणासकट उतरवलेली. मी वाचले: आबाजी, राहणार बाळापूर. त्या नावावरून आडवी एक रेघ गेली होती. तीही तुम्ही उतरवली होती, तांबड्या पेन्सिलीने, पट्टी धरून.

"हे माझे आजोबा," तुम्ही म्हणालात. "अन् हे त्यायचं नाव कापलेलं."

पुढचे तुम्ही तुटक तुटक सांगितलेत, त्याला दोन शनिवार लागले. स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन पाद्र्यांनी मागच्या शतकात अमरावतीत ख्रिस्ती लोकांची मंडळी उभी केली, तिच्या पहिल्या माणसांत तुमचे आजोबा होते. ते कधीतरी नाहीसे झाले. मागे राहिलेली आजी मुलांना घेऊन बाळापूरला भावाकडे गेली आणि लवकरच वारली. मुले मोठी होऊन अमरावतीला परत आली तेव्हा त्यांच्या हाती एवढेच लागले, की यादीत बापाच्या नावावर रेघ आहे. चर्चमधून नाव कापतात ते कशासाठी, हे सगळ्यांना माहीत असते. दारू, दुसरी बाई, नाहीतर परत देवदेव. कुणी विचारले नाही, कुणी सांगितले नाही. तुमचे वडील जन्मभर शेवटच्या बाकावर बसले. रविवारच्या शाळेत मुली तुम्हाला 'कापल्याची नात' म्हणायच्या. तुम्ही चाळीस वर्षे नर्स होतात, अर्ध्या अमरावतीची नाळ तुमच्या हाताने कापली गेली, तरी चर्चमध्ये तुमची जागा शेवटच्या बाकावरच होती. आता बसतात का तिथे कुणी? मी कालच्या आधीच्या रविवारी पाहिले. जागा रिकामी होती.

तुम्हाला कळायला हवे होते, की रेघ का मारली. आणि हे कुणाला विचारायचे नव्हते. ही तुमची अट. "विचारलं की लोकाले पुन्हा आठवते," तुम्ही म्हणालात. "आपनच शोधू."

आपण गुपचूप शोधायला लागलो. मंडळीचे चिटणीस दानियलराव यांना तुम्ही सांगितलेत, की जुन्या वह्यांना वाळवी लागते आहे, त्यांना ऊन दाखवायला हवे, कडुलिंबाचा पाला घालायला हवा. आणि हे मास्तर कोण? हे वह्या शिवून देतात. हे तुम्ही माझ्यादेखत सांगितलेत आणि मी मान हलवली. मग मला पुस्तकबांधणी शिकावी लागली! एका छापखान्यात जाऊन मी दाभण कसे धरायचे ते शिकून आलो. आज त्या चर्चमधल्या एकूण एक वहीची शिवण माझ्या हातची आहे, आणि तिला कारण तुमची एक थाप.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी यायचो. वेदीशेजारची ती लहान खोली, एक टेबल, दोन स्टुले. इंग्रजी तुम्ही वाचायचात, मोडी मी. चिकटलेली पाने तुम्ही दवाखान्यातल्या जीभ दाबायच्या लाकडी पट्टीने सोडवायचात, जखमेवरची पट्टी सोडवावी तशी, मधे थांबत, फुंकर घालत. पान सुटले की म्हणायचात, "हं. आता रडा." मला पहिल्यांदा कळले नाही. मग कळले, की मूल बाहेर आले की तुम्ही असेच म्हणत असाल.

आजोबांचा शोध सुरू केला आणि सगळे पाळकच, म्हणजे मंडळी सांभाळणारे पाद्रीच, शोधत बसलो, हे कसे झाले ते आता सांगता येणार नाही. भिंतीवर पाळकांच्या नावांची लाकडी पाटी होती, पुष्कळ नंतर रंगवलेली. तिच्यात चार वर्षांची एक फट होती. एक साहेब जातो आणि पुढचा चार वर्षांनी येतो. त्या फटीत मंडळीला पाळकच नव्हता असे सगळे धरून चालत. मला ते खरे वाटेना. मी म्हणालो, पाटीवर विसंबायचे नाही, वह्यांतून एकेक पाळक पुन्हा शोधायचा. बाप्तिस्म्याच्या वहीत पाळकाची सही असते, लग्नाच्या वहीत असते, दफनाच्या वहीत असते. पहिली सही कुठली, शेवटची कुठली, हे प्रत्येकाच्या नावाने एकेका कागदावर लिहायचे. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी ते कागद केले. काय दिवस होते ते!

एका साहेबाने टाक इतका दाबून लिहिले होते, की खालच्या तीन पानांवर वळ उठले होते. त्याला तुम्ही पैलवान म्हणायचात. दुसरा समासात हवा लिहायचा: आज ढग, आज वारा, नदीला पाणी. बाप्तिस्मा होणाऱ्या मुलाचे नाव अर्धे आणि पावसाची बातमी पूर्ण. तुम्ही पाने उलटून हिशेब लावलात, की हिवाळ्यात त्याच्या हातचे बाप्तिस्मे फार थोडे. "थंड पान्यात हात घालाले भेत होता बुवा," तुम्ही म्हणालात, "अन् आला होता स्कॉटलंडातून!"

तो हवा लिहिणारा पाद्री एकदम गेला कुठे, हे काही केल्या सापडत नव्हते. तीन शनिवार गेले. मग दफनाच्या वहीत तुम्हाला त्याचे आडनाव दिसले, पुढे वय सहा महिने. त्याच्यानंतर दोन आठवड्यांनी पाद्रीणबाईंचे शिफारसपत्र, म्हणजे गाव बदलताना सभासद नेतात तो दाखला, मुंबईच्या मंडळीकडे. तिसऱ्या दिवसापासून समासातली हवा बंद. मी टेबलावर हात आपटून उठलो, सापडला म्हणून. तुम्ही उठला नाहीत. संध्याकाळी आपण दफनभूमीत गेलो, तुम्ही गुडघे टेकून एका ठेंगण्या दगडावरचे शेवाळ त्याच लाकडी पट्टीने खरवडलेत आणि नाव निघाले. पोराचे नाव वाचून तुम्ही पट्टी पुसलीत, पिशवीत ठेवलीत. "पाद्री कुठं गेला ते उद्या लिवा," म्हणालात. मी दुसऱ्या दिवशी लिहिले.

असे अकरा पाळक आपण शोधले. पण फट बुजेना, कारण नेमक्या त्या चार वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या वाळवीने खाल्लेल्या. पुठ्ठे तेवढे उरलेले, आत माती. राहिली फक्त सभासदांची यादी. आणि त्या यादीवर मी रागावलेला होतो, ते तुम्हाला आठवतच असेल. आपण शोधलेल्या अकरांपैकी एकाचेही नाव तिच्यात नव्हते. त्यांच्या बायका होत्या, सासवा होत्या, स्वयंपाक करणारी होती. पाळक मात्र नाही. मी म्हणायचो, "हे चिटणीस किती बेफिकीर असतील पाहा. आपल्याच पाळकाचं नाव लिहायला विसरले! तेही एकदा नाही, दरवेळी." तुम्ही म्हणायचात, "दरवेळी कसे विसरतीन?" मी म्हणायचो, वहिवाट पडली असेल. हे वाक्य मी आज पुन्हा मनात म्हणून पाहिले आणि मला स्वतःचे कान पिळावेसे वाटले.

आता आपल्या भांडणाकडे येतो.

त्या यादीत रेघ मारलेली नावे पुष्कळ होती. पण प्रत्येकापुढे शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी होते. मयत. नागपुरास गेला. शिस्तीखाली काढला. आबाजींच्या पुढे काहीच नव्हते, रेघ आणि कोरा रकाना. खालच्याच ओळीत त्यांची बायको राधाबाई, तिच्या नावाला धक्का नाही. मी माझ्या पुस्तकी रीतीने म्हणालो, मेले असते तर मयत लिहिले असते, गावी गेले असते तर गाव लिहिले असते. काही लिहिले नाही, म्हणजे लिहिण्यासारखे कारण नव्हते.

"अन् बायको कशी राहिली मंग?" तुम्ही म्हणालात. "नवऱ्याले हाकललं त्या घरात बायको नाक वर करून बसते काय? तुमाले बायको नाई, तुमाले काय समजते!"

"बाई, हा पुरावा नाही."

"मी चाळीस वर्सं वार्डाची वही ठेवली, मास्तर. रोज नावं कापत होती मी. मेला की कापा, घरी गेला की कापा, दुसऱ्या वार्डात नेला की कापा. रेघ म्हंजे मानूस इथं नाई. बस. कुठी हाय, ते रेघ नाई सांगत."

"वार्ड वेगळा आणि मंडळी वेगळी."

"काहून? दोनीत मानसंच असतात ना?"

हे भांडण आपण सात वर्षे केले. चहा करताना केले, बाळापूरच्या बसमध्ये केले. आजीच्या भावाच्या घरी काही कागद मिळतात का पाहायला आपण गेलो होतो आणि एक जुना कंदील घेऊन परत आलो. त्या कंदिलावरूनही भांडलो.

आणि मग गेल्या महिन्यात मी आपण जमवलेल्या पाळकांच्या यादीची चांगल्या अक्षरात प्रत केली. अकरा पाळक, त्यांच्या पहिल्या सह्या, शेवटच्या सह्या. शेवटी एक पुरवणी, त्यात आबाजी. ती प्रत तुम्हाला दाखवायला मी केवढ्या आनंदाने आणली होती. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलीत. शेवटची ओळ होती: नाव खोडलेले, कारण अज्ञात, बहुधा शिस्तभंग.

तुम्ही चष्मा काढलात. आत जाऊन चहा केलात. तो नेहमीसारखाच गोड होता. कप खाली ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "मास्तर, बाकी सगळं वहीतून घेतलं तुमी. हे 'बहुधा' कोनत्या वहीतलं?"

 मी म्हणालो, अभ्यासात अंदाज करावा लागतो. असे काहीतरी म्हणालो. तुम्ही म्हणालात, बरं. दारापर्यंत आलात, छत्री विसरलो होतो ती हातात दिलीत. घरी येऊन ते शब्द खोडायला मला किती वेळ लागला असता? पेन खिशात होते. पण मला वाटत होते की मी बरोबर आहे. मग शाळेच्या परीक्षा आल्या. मग तुमची भाची सुशीला शाळेच्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "आत्या पहाटे गेली."

दफनाच्या वेळी मी मागे उभा होतो. माती टाकायला मला पुढे बोलावले तेव्हा टाकली. एवढी वर्षे मोडी, इंग्रजी, सगळे वाचले, पण त्या खड्ड्यापाशी तुमच्याशी बोलायला मला एक वाक्य सुचले नाही. माफ करा, हे तर सोपे वाक्य आहे. ते आज इथे लिहितो. माफ करा, बाई.

आता अकोला.

तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी सुशीला पुन्हा आली. तिच्या हातात तुमच्या नावाने आलेले पत्र होते, अकोल्याच्या मंडळीचे जुने वडील शमुवेलदादा यांचे. तुमच्या मंडळीत वडील म्हणजे कारभार पाहणारे जाणते लोक, हे तुम्हीच मला शिकवलेले. पत्रात दोनच ओळी होत्या: पेटी माझ्यापाशी आहे, येऊन पाहा, मला आता चालवत नाही. मला काही उमगेना. कसली पेटी? तुम्ही अकोल्याला कधी लिहिलेत?

मी रविवार धरून गेलो. शमुवेलदादा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. तुम्ही गेल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी शेंगांचे सूप बाजूला सारले. मग उशीखालून तुमचे पत्र काढून माझ्या हातात दिले. तुमचे ते टपोरे अक्षर, दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहायचात तसे. तारीख पाहिली. माझ्या 'बहुधा'च्या दुसऱ्या दिवशीची होती.

जन्मभर कुणाला न विचारलेले तुम्ही उघड विचारले होते. लिहिले होते, की माझ्या आजोबाचे नाव अमरावतीच्या यादीतून कापले आहे, ते पाप असेल तर पाप सांगा, पण काय ते सांगा. आणि खाली, आमचे मास्तर लय हुशार आहेत, पण त्यांना हे सापडत नाही.

मी दादांना सगळे सांगितले. सात वर्षे, अकरा पाळक, वाळवी, फट. यादीत पाळकांची नावेच लिहिलेली नाहीत, अशी माझी नेहमीची तक्रारही सांगितली. 

"सात वर्सं?" ते म्हणाले. "सात वर्सं तुमी सभासदाच्या यादीत पाळक पाहून राहिले? अरे बाप्पा! मास्तर, मेंढरं मोजतानी राखनदाराले मोजता काय तुमी?"

"म्हणजे?"

"म्हंजे पाळक मंडळीचा सभासद नसतेच. आमच्या प्रेसबिटेरियनात तसंच हाय. सगळ्या गावच्या पाळकायची अन् वडिलायची मोठी सभा असते, प्रेसबितरी म्हनतात तिले. पाळकाचं नाव तिच्या यादीत. सभासद मानसाले पाळकाची दीक्षा भेटली, की गावच्या यादीतून त्याचं नाव कापतात अन् तिकडं लिवतात. बायको गावच्याच यादीत राहते."

बाई, मी खाटेच्या काठावर बसलो. मला तुमचा आवाज ऐकू आला. दुसऱ्या वार्डात नेला की कापा.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"विचारलं कोनाले तुमी? वडिलायच्या सभेत हे आमाले पाठ हाय. बायका त्या सभेत नसतात. अन् तुमी तर आमच्या वाडीचेच नाई." मग म्हणाले, "तिनं विचारलं. पन लय उशिरा विचारलं."

पेटी खाटेखाली होती. प्रेसबितरीचे जुने चिटणीस अकोल्याचे होते, त्यांच्या मागे ती तिथेच राहिली. वरती अंगरख्याची चिंधी, खाली तीन वह्या. दुसरी वही मोडीत होती. मी भराभर पाने उलटत होतो, आणि चिकटलेल्या पानांना तुमची लाकडी पट्टी हवी होती. म्हातारा म्हणत होता, "सावकास, मास्तर, सावकास," आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सावकाश करता येत नव्हते.

सापडले ते पान उजवीकडचे होते. अमरावती मंडळीचे सभासद आबाजी यांची परीक्षा झाली, ते उतरले, सभेने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली आणि अमरावतीची मंडळी त्यांच्या स्वाधीन केली. मंडळीच्या चिटणिसाने त्यांचे नाव सभासदांच्या यादीतून कमी करावे. मी मोठ्याने वाचत होतो. 'कमी करावे' वाचले आणि तीच ओळ पुन्हा वाचली. दादा म्हणाले, "वाचा, वाचा पुढं."

तुमचे आजोबा काढले गेले नव्हते, बाई. ते पाळक झाले होते. पाटीवरची ती चार वर्षांची फट म्हणजे तेच.

पुढची चार वर्षे ते प्रत्येक सभेला हजर आहेत. एकदाच नाहीत, पूर्णेला पूर होता म्हणून. दोन सभांत त्यांनी वाद घातल्याची नोंद आहे. त्यांचे म्हणणे होते, की कुठलीच वही इंग्रजीत लिहू नये, सगळ्या मराठीत लिहाव्यात, म्हणजे आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते ज्याचे त्याला वाचता येईल. दोन्ही वेळा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी आणि शमुवेलदादा दोघेही हसलो. नात कुणावर गेली ते आता कळले.

मग एक लहान नोंद. कौंडण्यपूरच्या जत्रेत प्रचाराला गेले असता पटकीने वारले, वर्धेच्या काठी पुरले. विधवेला तिच्या भावाकडे बाळापूरला पोचते करावे. प्रेसबितरीच्या यादीत त्यांच्या नावावर दुसरी रेघ आहे, आणि तिच्यापुढे मयत असे स्वच्छ लिहिले आहे. पण ती वही अकोल्याला पेटीत. अमरावतीत नवा साहेब आला, त्याला यादीत फक्त एक तांबडी रेघ दिसली. पुढे वाळवीने सह्या खाल्ल्या, आणि मुले मोठी होऊन परत येईपर्यंत आबाजींना पाहिलेली माणसेही पांगली. एवढ्याने तुमचे वडील शेवटच्या बाकावर गेले.

काल बडनेऱ्याच्या फलाटावर मी असा फिरत का होतो, ते आता तुम्हाला कळले असेल.

आज सकाळी मी दानियलरावांकडे गेलो आणि सगळे कबूल केले. कडुलिंब, ऊन, शिवण, सगळे. ते म्हणाले, "आमाले माहीत होतं ना, मास्तर. वह्यायले ऊन दाखवाले सात वर्सं लागतात काय?" तुम्ही ऐकायला हव्या होतात. एवढी वर्षे त्यांनी किल्ली दिली आणि विचारले नाही, आपणही विचारले नाही. त्यांना विचारले असते तर पाळकाचे नाव यादीतून का कापतात ते त्यांनी चहा पिता पिता सांगितले असते. पण मग पैलवान भेटला नसता, हवा लिहिणारा पाद्री भेटला नसता, आणि शनिवार तर मुळीच मिळाले नसते. म्हणून यावर मी तुमच्याशी भांडणार नाही. अर्धे भांडेन.

पाळकांनी अकोल्याची वही पाहायला मागवली आहे. पाटीवर जागा नाही, दोन साहेबांच्या मधे बारीक अक्षरात बसवावे लागेल, असे पेंटर म्हणतो. मी म्हणालो, बसवा दाटीने. रविवारी उपासनेत सगळे वाचून दाखवणार आहेत. सुशीला पुढच्या बाकावर बसायचे म्हणते आहे. मी मागेच बसेन, तुमच्या जागेवर, चालत असेल तर.

दानियलरावांनी मग जुनी यादी काढली आणि टाक माझ्या हातात दिला. "तुमीच लिवा. शोधलं तुमी." आबाजींच्या कोऱ्या रकान्यात मी लिहिले: पाळकपदाची दीक्षा, नाव प्रेसबितरीच्या यादीत पाहावे. मराठीत लिहिले, त्यांची मागणी होती तशी.

मग त्यांनी आजची यादी उघडली. ते काम त्यांना करायचेच होते, माझ्यासमोर नको म्हणून थांबले होते. मी म्हणालो, करा. त्यांनी पट्टी धरली आणि कृपाबाई या नावावर तांबडी रेघ ओढली. मला वाटले होते की मला बघवणार नाही. पण मी पाहिले. सरळ रेघ होती. माणूस इथे नाही, एवढेच ती सांगत होती.

"शेरा काय लिवू?" दानियलराव म्हणाले. "मयतच लिवतो ना?"

"लिहा," मी म्हणालो, "आणि त्यापुढे लिहा, नाव दुसऱ्या यादीत पाहावे."

त्यांनी वर पाहिले. "तुमी तर आमचं मानत नाई, मास्तर. कोनती यादी?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी लिहिले.

घरी आलो आणि आधी ती चांगल्या अक्षरातली प्रत काढली. आबाजींना पुरवणीतून उचलून पाळकांत घातले, सहाव्या जागी, त्यामुळे पुढचे सगळे आकडे बदलावे लागले. 'बहुधा शिस्तभंग' यावर तांबडी रेघ मारली. शेवटी एक नवी ओळ लिहिली: या सर्वांचा शोध कृपाबाई यांनी घेतला, आबाजी पाळकांची नात. त्यापुढे तुम्ही आता कुठे आहात ते लिहावे असे मनात आले होते. टाक बुडवलाही होता. पण ते कुठल्याच वहीत मी वाचलेले नाही, आणि अंदाजाने लिहायचे नाही हे तुम्ही मला चहाच्या कपावर शिकवले आहे. तो रकाना मी कोरा ठेवला आहे, बाई.